पुस्तकात नसलेली तिसरी नळी

किल्ली माझ्या हातात होती आणि ट्रक चालूच होता.

सोमवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. स्थळ, वाहन तपासणी कार्यालयाचं आवार. माझ्यामागे अकरा गाड्या, समोर एक खिडकी, खिडकीशेजारी लोखंडी पाटी: ‘इंजिन बंद करून मगच कागद द्यावेत.’ मी किल्ली फिरवली होती, बाहेर काढली होती, खिडकीतल्या कारकुनाला दाखवलीही होती. इंजिन धडधडत होतं.

“बंद करा,” कारकून म्हणाला.

“केलंय.”

“मग हा आवाज कसला?”

मागच्या गाडीवाल्यानं खिडकीतून मान काढून विचारलं, “काय हो, भाड्यानं दिलाय का ट्रक इंजिनाला?” वर्तमानपत्रात एकोणीस वर्षं उपसंपादकी केल्यानं मी गर्दीत शांत राहू शकतो. मी शांत राहिलो. चौथा गिअर टाकला, दोन्ही पाय ब्रेकवर रोवायचे म्हणून क्लच सोडून दिला, आणि ट्रकचा जबरदस्तीनं श्वास कोंडला. ट्रकनं तीन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीत ‘इंजिन बंद करून मगच’ ही पाटी आडवी झाली, आणि इंजिन बंद पडलं. नियमाचं पालन झालं, पण नियम राहिला नाही.

तपासणी अधिकारी बाहेर आले. सडपातळ, कानाला पेन लावलेले. त्यांनी केबिनमध्ये बसून ब्रेक दाबून पाहिला. म्हणाले, “हे पेडल आहे की पायरी?” मग कारकुनाला म्हणाले, “नापास. कारण लिहा, गाडी बंद होत नाही.”

कारकुनानं अर्ज उलटसुलट पाहिला. “साहेब, वाटेत बंद पडणाऱ्या गाड्यांसाठी रकाना आहे. बंद न पडणाऱ्यांसाठी नाही.”

शेवटी ‘ब्रेक जड’ एवढंच लिहिलं गेलं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत ट्रक पुन्हा दाखवला तर ठीक, नाहीतर सगळा अर्ज पहिल्यापासून, म्हणजे सहा आठवडे.

सहा आठवडे माझ्याकडे नव्हते. खरं तर माझ्या बायकोकडे नव्हते. तिची रोपवाटिका आहे. पाच वर्षं ती खिडक्यांमधल्या कुंड्यांपुरती रोपं विकत होती. यंदा पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. नव्या इस्पितळाच्या अंगणासाठी दोनशे चाळीस रोपं, शुक्रवारी सकाळी आठ वाजता फाटकात हजर हवीत. तपासणीचं प्रमाणपत्र नसलेली गाडी फाटकातून आत सोडणार नाहीत, असं करारात ठळक अक्षरात होतं. रोपं वेळेवर आली नाहीत तर काम दुसऱ्या रोपवाटिकेला जाईल, हेही होतं. करार वाचून झाल्यावर मी एक वाक्य उच्चारलं होतं: “गाडीचं मी बघतो.” तीनच शब्द, पण छापून गेल्यासारखे, परत घेता येत नव्हते.

ट्रक सासऱ्यांचा. छोटा, निळा, वयानं माझ्या बायकोहून एक वर्षानं मोठा. सासऱ्यांनी त्यातून तीस वर्षं लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं. निवृत्त झाल्यावर ट्रक लेकीला दिला आणि स्वतः सासूबाईंसह आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहायला आले. ट्रकवर लक्ष ठेवता यावं म्हणून, असं सासूबाईंचं मत आहे.

सोमवारी दुपारी मी घरी पोचलो तेव्हा सासरे दारातच होते. मी काही सांगण्याआधीच म्हणाले, “पंप गेला.”

“कोणता पंप?”

“व्हॅक्यूमचा. जावईबुवा, तुम्ही बातम्या लावा, हे तुमचं काम नाही.”

विषय समजून घेतल्याशिवाय मी मथळासुद्धा देत नाही. म्हणून कार्यालयातून शुक्रवारपर्यंत रजा टाकली आणि ट्रकबरोबर आलेलं मूळ पुस्तक काढून बसलो. भानगड अशी होती. पेट्रोलच्या गाडीची वीज तोडली की ती थांबते. या डिझेलचं तसं नाही. इंजिनावर एक छोटा पंप असतो, तो नळ्यांमधली हवा ओढून घेतो. या ओढीलाच व्हॅक्यूम म्हणायचं. किल्ली फिरवली की ही ओढ डिझेलची वाट बंद करते आणि इंजिन थांबतं. तीच ओढ ब्रेक दाबताना पायालाही हातभार लावते. ओढ कमी पडली की दोन गोष्टी होतात: ट्रक थांबत नाही, आणि थांबवला तर बंद होत नाही.

हे सगळं मी मुद्देसूद उतरवून काढलं आणि कागद उडू नये म्हणून त्यावर बदक ठेवलं. हे लाकडी बदक बायकोनं लग्नात माहेराहून आणलं. पिवळा रंग उडालेला, मान खाली घातलेली, शेपटीखाली बोटभर पितळी नळकांडं. त्या नळकांड्यात मी संपलेली रिफिल खोचून ठेवतो. माझा मजकूर वाचता वाचता झोपी गेल्यासारखं ते दिसतं, आणि कार्यालयातल्या वरिष्ठांचीही तशीच सवय असल्यानं मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

आमच्याकडे नियम आहे: एका माणसाच्या सांगण्यावर बातमी छापायची नाही. तीन स्वतंत्र सूत्रं हवीत. सासरे हे एकच सूत्र, शिवाय संबंधित पक्षाचे. म्हणून मी बाहेर पडलो.

पहिले भेटले निवृत्त हेडमास्तर. जिन्यात थांबून, छत्री माझ्या छातीकडे रोखून ते म्हणाले, “पंप गेला तुमचा. सरळ आहे.” दुसऱ्या शिवणक्लासवाल्या काकू. त्यांनी तोंडातल्या टाचण्या न काढता सांगितलं, “पंपच तो. आमच्या मशीनची मोटारही अशीच गेली होती.” तिसरे पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य. रुग्णाच्या तोंडात दोन्ही हात असताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, “पंप. शंकाच नको.” रुग्णानंही मान हलवली, पण ते मी धरलं नाही.

तीन सूत्रं. मंगळवारी सकाळी साडेनऊला मी ट्रक घेऊन गॅरेजात हजर झालो आणि मिस्त्रींना म्हणालो, “पंप बदला.”

मिस्त्री बॉनेट उघडून आत वाकले, एक दांडी हातानं दाबली, आणि इंजिन निमूटपणे थांबलं. ही दांडी मला आदल्या दिवशी माहीत असती तर सरकारी पाटी उभी राहिली असती.

“आधी तपासून बघायचं का?” मिस्त्रींनी विचारलं.

“तीन जणांनी खात्रीनं सांगितलंय.”

“मग मी कोण बोलणार!” असं म्हणून ते कामाला लागले.

या वयाच्या ट्रकचा पंप मिळणं सोपं नव्हतं. पहिल्या दुकानदारानं ट्रकचं वर्ष ऐकून टोपी काढली. दुसऱ्यानं विचारलं, “संग्रहालयातून बोलताय का?” तिसऱ्याकडे एकच होता, तो माळ्यावर होता, आणि माळ्याची शिडी त्याच्या मेव्हण्यानं नेली होती. मेव्हणा दुपारी जेवून झोपला होता. तो उठेपर्यंत मी त्या दुकानात दोन तास चार मिनिटं बसलो आणि दुकानदाराच्या पावतीपुस्तकातल्या सात चुका दुरुस्त केल्या. त्यानं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला नवा पंप बसला. मिस्त्रींनी इंजिन चालू केलं. मी केबिनमध्ये बसून, थोड्या समारंभपूर्वक, किल्ली फिरवली.

इंजिन धडधडत राहिलं.

ब्रेक दाबला. पायरी ती पायरीच.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, “आधी मोजलं होतं का?”

“काय?”

“ओढ. जुना पंप किती ओढत होता ते.” मग दयेनं म्हणाले, “गेज लावून मोजतात. माझं मोडलंय. नाहीतर सकाळीच म्हटलं असतं. म्हणजे म्हटलंच होतं.”

घरी आलो तर बायको गॅलरीत रोपांना नंबर लावत होती. सत्त्याण्णवपर्यंत आली होती. तिनं माझा चेहरा पाहिला आणि अठ्ठ्याण्णवची पट्टी हातातच धरून ठेवली.

“झालं?”

“पंप नवा बसला.”

“मी पंपाचं विचारलं नाही.”

“उद्या होईल.”

“हे बघ,” ती शांतपणे म्हणाली. हा शांतपणा मला आवडत नाही. “होणार नसेल तर आत्ता सांग. मी त्यांना फोन करून नाही म्हणते. शुक्रवारी सकाळी फाटकात तोंडघशी पडण्यापेक्षा ते बरं. बुधवारी संध्याकाळपर्यंत सांग.”

मी बुधवारी सकाळी आठला दंतवैद्यांच्या दारात उभा होतो. लाळ ओढून घेणारं त्यांचं यंत्र, त्याला गेज असणारच, असा माझा कयास. होतं. त्यांनी ते काढून हातात दिलं, वर नळ्या दाबून धरायचे दोन चिमटेही दिले.

“ओढ कमी पडली की लोक यंत्राला नावं ठेवतात,” ते म्हणाले. “दहातल्या नऊ वेळा नळी फाटलेली असते.”

मी थांबलो. “डॉक्टर, परवा तुम्हीच म्हणालात ना, पंप गेला, शंकाच नको?”

“ते तुमचे सासरे तुमच्याआधी येऊन सांगून गेले होते म्हणून. मी दातांचा माणूस, मला ट्रकमधलं काय कळतं?”

मी जिना चढून हेडमास्तरांकडे गेलो. “अहो, तुमचे सासरेच म्हणाले. त्यांचा ट्रक, त्यांना नको कळायला?” काकूंनी टाचण्यांमधूनच सांगितलं, “मला हेडमास्तरांनी सांगितलं.” म्हणजे सूत्रं तीन आणि तोंड एकच. एकोणीस वर्षांत ही चूक मी दुसऱ्यांच्या बातम्यांत किमान चारशे वेळा पकडली असेल.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. अंगणात ट्रक उभा केला आणि गेज थेट नव्या पंपाच्या तोंडाला लावलं. काटा सव्वीसवर. पुस्तकाप्रमाणे उत्तम. सगळ्या नळ्या जोडून मोजलं. काटा अकरावर. म्हणजे पंप बिचारा ओढत होता आणि वाटेत कुठेतरी हवा आत शिरत होती. जुन्या पंपाचाही बहुधा काही दोष नव्हता. तो गॅरेजच्या कोपऱ्यात, दोष सिद्ध न होता निलंबित झालेल्या कर्मचाऱ्यासारखा पडून होता.

आता एकेक नळी बंद करत जायचं. पुस्तकात स्पष्ट चित्र होतं: पंपापासून दोन नळ्या, एक ब्रेककडे, एक डिझेल बंद करणाऱ्या डबीकडे. ब्रेकची नळी चिमट्यानं दाबली. काटा अकरा. दुसरी दाबली. अकरा. दोन्ही दाबल्या. अकरा! दोन्ही वाटा बंद आणि हवा तरीही आत. हे म्हणजे दारं-खिडक्या लावून घेतलेल्या घरात पाहुणे येत राहावेत तसं झालं.

आतापर्यंत अंगणात सभा भरली होती. हेडमास्तर म्हणाले, “पुन्हा एक पंप बदला.” काकू म्हणाल्या, “आमच्या मोटारीचं शेवटी मशीनच बदललं.” सासरे खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसले होते.

“बाबा,” बायकोनं विचारलं, “तुम्ही या ट्रकमध्ये कधी काही बदल केला होता का?”

सासऱ्यांनी घडी सोडली. “मी? तीस वर्षांत या गाडीत एक स्क्रू जास्तीचा बसवलेला नाही. कंपनीतून आली तशी आहे. पंप गेलाय.”

“पंप काल बदलला, बाबा.”

“मग नवाही गेला असेल.”

खरं तर एक तिसरी नळी होती. बोटापेक्षा बारीक, काळी, त्याच जोडापासून फुटून केबिनमध्ये शिरणारी. मला ती मंगळवारीच दिसली होती. पण पुस्तकात नव्हती. छापलेल्या मजकुरात जे नाही ते मी सहसा मानत नाही. काच धुण्याच्या पाण्याची असेल असं ठरवून मी तिला बातमीतून वगळलं होतं.

दुपारचे तीन वाजले. बायकोनं घड्याळाकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. एवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रे बॉनेटवर ठेवायला जागा नव्हती, म्हणून केबिनमध्ये चढून आपल्या नेहमीच्या डाव्या जागेवर बसल्या. तीस वर्षांत अर्ध्याहून अधिक फेऱ्या त्यांनी त्या जागेवरून केल्या होत्या. त्यांनी पाय सारून घेतले, कान टवकारले, आणि म्हणाल्या,

“अगं बाई, हे अजून फुसफुसतंय होय?”

“काय फुसफुसतंय, आई?”

“हे. गुडघ्यापाशी. बदकाचं.”

सासरे खुर्चीतून उठले आणि खूप काम असल्यासारखे खुर्चीचा पाय तपासू लागले.

मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तिसरी काळी नळी तिथं येऊन संपत होती. तिच्या तोंडात बूच म्हणून पेन्सिलीचा तुकडा खोचला होता. लाकूड सुकून आखडलेलं, रबर तडकलेलं, आणि चारही बाजूंनी हवा मजेत आत जात होती. नळी चिमट्यात धरली. बाहेरून दंतवैद्य ओरडले, “पंचवीस! पंचवीसवर गेला!”

“जास्तीचा स्क्रू नाही म्हणालात,” मी सासऱ्यांना म्हणालो.

“स्क्रू कुठाय त्यात?” सासरे म्हणाले. “नळी आहे. आणि ती जास्तीची नाही. ती बदकाची.”

मग सासूबाईंनीच सांगितलं. बायको सहा वर्षांची असताना सुट्टीत ट्रकमध्ये बसायचा हट्ट करायची आणि वळणावळणाला रडायची. म्हणून सासऱ्यांनी लाकडाचं बदक केलं, पोटात रबरी पडदा आणि स्प्रिंग बसवली, आणि ब्रेकच्या ओढीला जोडून डॅशबोर्डवर ठेवलं. ओढ पुरी असली की बदक मान वर करून बसायचं. ब्रेक दाबला की ओढ क्षणभर घटायची, बदक वाकून नमस्कार करायचं आणि पुन्हा ताठ. पोरगी रडायची थांबली. उलट ‘अजून एकदा ब्रेक मारा’ म्हणू लागली. त्या काळात सामानातल्या दोन आरशांना तडे गेले म्हणे.

“मग काढलं का?” मी विचारलं.

सासूबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको ट्रकच्या दारात उभी होती, पेन्सिलीचा तुकडा हातात घेऊन. त्यावर दातांच्या बारीक खुणा होत्या.

“मीच म्हटलं होतं,” ती म्हणाली. “बारा वर्षांची होते. मैत्रिणी होत्या बरोबर. त्या हसल्या. मी बाबांना म्हटलं, हे काहीतरीच आहे, काढून टाका.” मग वडिलांकडे वळली. “बाबा, ही माझी पेन्सिल?”

“हाताला लागली ती लावली,” सासरे म्हणाले. “तात्पुरती.”

तात्पुरती म्हणजे सव्वीस वर्षं.

मी आपल्या वाट्याला आलेली नामुष्की मुकाट्यानं उचलली. घरात गेलो, टेबलावरून बदक उचललं, त्याखालचे कागद खोलीभर उडाले, शेपटीखालच्या पितळी नळकांड्यातली माझी रिफिल काढली आणि बदक घेऊन खाली आलो. आठ वर्षं रोज समोर असलेल्या वस्तूला नळकांडं कशासाठी, हा प्रश्न एका पत्रकाराला पडला नव्हता.

“नळीला बोल्ट खोचून वर घट्ट क्लिप मारू,” मी म्हणालो. “काम फत्ते. बदक जोडायला नको. उद्या तपासणी आहे, अधिकारी ‘विनापरवाना बदल’ म्हणेल.”

“बरोबर बोलतायत जावईबुवा,” सासरे चटकन म्हणाले. “बंदच करा ती नळी. काहीतरीच होतं ते.”

बायकोनं माझ्या हातातून बदक घेतलं. “नवी नळी, नव्या क्लिपा,” ती म्हणाली. “बाबा, खुर्ची बास झाली. चढा वर.”

सासरे किती वेगानं चढले याची नोंद मी वेळेअभावी घेऊ शकलो नाही. दंतवैद्यांनी चिमटे धरले, काकूंनी आपल्या कात्रीनं नळी कापली, हेडमास्तर छत्रीनं दिशा दाखवत राहिले. साडेपाच वाजता इंजिन चालू झालं. बदकानं, खोल झोपेतून उठल्यासारखी, हळूहळू मान वर केली. बायकोनं ब्रेक दाबला. पेडल लोण्यासारखं खाली गेलं, बदक वाकलं, आणि पुन्हा ताठ झालं.

“अजून एकदा मार,” सासरे म्हणाले.

गुरुवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. तीच खिडकी. पाटी तारेनं बांधून उभी केली होती, जराशी माझ्याकडे पाहत असल्यासारखी. मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. आवारात अशी शांतता पसरली की कारकुनानं मान वर काढून पाहिलं.

अधिकारी केबिनमध्ये बसले. बंद गाडीत पेडल चार-पाच वेळा दाबलं, शेवटी पाय तसाच दाबून धरला आणि इंजिन चालू केलं. पेडल पायाखाली अलगद खचलं. ओढ पुरेशी असल्याची हीच खूण. मग त्यांची नजर समोर गेली.

“हे काय?”

माझ्याकडे दोन तयार उत्तरं होती, दोन्ही खोटी. “बदक,” मी म्हणालो.

“कशासाठी?”

“ओढ कमी झाली की मान खाली घालतं. म्हणजे गेजच. सासऱ्यांनी केलंय.”

अधिकाऱ्यांनी ब्रेक दाबला. बदकानं नमस्कार केला. त्यांनी सोडला, पुन्हा दाबला. बदकानं पुन्हा केला. कानावरचं पेन काढून ते पुन्हा कानावरच ठेवलं. मग आजूबाजूला पाहून, दार ओढून घेऊन, त्यांनी नऊ वेळा ब्रेक तपासला. मी मोजलं. इतकी कसून तपासणी त्या कार्यालयात याआधी झाली नसावी.

“साहेब, बारा वाजायला आले,” कारकून खिडकीतून म्हणाला. “पण बदकासाठी रकाना नाहीये.”

“‘इतर’ आहे ना?” अधिकारी उतरत म्हणाले. “लिहा. बदक एक, चालू स्थितीत.”

शुक्रवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी ट्रक इस्पितळाच्या फाटकाशी उभा होता. बायको चालवत होती, शेजारी सासरे आणि सासूबाई, आणि मी मागे दोनशे चाळीस रोपांत, एकशे बारा आणि एकशे तेराच्या मध्ये. पहारेकऱ्यानं प्रमाणपत्र वाचलं, ‘बदक एक’ पाशी थांबला, आत वाकून पाहिलं. बायकोनं ब्रेक दाबला. पहारेकऱ्यानं उलट नमस्कार केला आणि फाटक उघडलं.

शेवटचं रोप उतरवून झाल्यावर बायको पानांचा कचरा झटकत माझ्याजवळ आली. “गाडीचं तू बघितलंस हं,” ती म्हणाली. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला तपासता आलं नाही. ती हसत होती, म्हणून मी ते कौतुक म्हणूनच छापायला पाठवलं. बदक ट्रकमध्ये गेल्यानं माझे कागद सध्या घरी उडत असतात.

संध्याकाळी जिन्यात हेडमास्तरांनी मला अडवलं. म्हणाले, “नवीन पंपानं काम केलं शेवटी, नाही का?” काकूही तेच म्हणाल्या. दंतवैद्यांनी तर रुग्णाच्या देखत माझं अभिनंदन केलं, पंप अगदी वेळेवर बदलला म्हणून. तीन सूत्रं, एकमुखी. मी कुणाकडेही खात्री करायला गेलो नाही. तळमजल्यावरून, उघड्या दारातून, सासऱ्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.